आईने चमचा खाली ठेवला

सोमवार, ३ मार्च

आईला आज तिसरा नकार आला. पत्र नाही, फोनवर दोन ओळी. "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." तिने त्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या आणि मटोकेची केळी सोलायला बसली. "त्रेपन्नाव्या वर्षी पुढची वाटचाल म्हणजे नक्की कुठे गं?" एवढंच विचारलं.

परिस्थिती नीट लिहून ठेवते. आई, एडिसा नामुसोके. कंपालातल्या एकाच कॉफी कारखान्यात सव्वीस वर्षं. आधी खराब दाणे निवडायला, मग प्रतवारीला, शेवटची अकरा वर्षं चव पारखायला. कारखाना ऑक्टोबरात बंद पडला, तेव्हापासून ती घरी आहे. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, मी एकुलती एक. माझ्या पगारात दोघींचं भागतं, प्रश्न तो नाही. चव पारखणाऱ्याची जीभ रोजच्या सरावावर टिकते. आई म्हणते, वर्षभर चाखायचा चमचा हातात धरला नाही तर मी पुन्हा नुसती चहा पिणारी बाई होईन. पाच महिने गेले आहेत.

यंत्र तीनदा चुकीचा आकडा दाखवतं तेव्हा दोष यंत्रात तरी असतो किंवा मोजणाऱ्यात. आईत दोष नाही. तिघांपैकी एकानेही तिला कॉफी चाखायला दिली नाही. तिघांनीही वय विचारलं. मोजणाऱ्यांना मी बदलू शकत नाही. आई त्यांच्यासमोर कशी बसते ते बदलू शकते.

बुधवार, ५ मार्च

आईचा अर्ज सहा पानांचा होता, मी तो दोन पानांवर आणला. १९९९ ते २००८ एका ओळीत बसलं. तिला ते आवडलं नाही.

"जन्माचं वर्षही काढून टाकू," मी म्हणाले.

"आणि तोंड कुठे काढून ठेवू? दाराबाहेर?"

मग मी मुलाखत घेणारी झाले. दारातून आत ये, डोळ्यांत बघ, हात पुढे कर, घट्ट धर, समोरच्या खुर्चीत सरळ बस. आईने हात धरला.

"घट्ट म्हणजे इतका नाही."

"गायीची धार काढते आहे असं वाटलं का?"

"वयाने लहान असलेल्या साहेबाच्या हाताखाली काम करायला तुम्हाला अवघड वाटेल का?"

"घरी तेच करते आहे."

मी योग्य उत्तर लिहून दिलं: "मी अनेक पिढ्यांबरोबर काम केलं आहे आणि प्रत्येकाकडून शिकले आहे." आईने ते दोनदा वाचलं. "हे कुणी म्हटलं?" "तू म्हणायचं आहेस." "पण खरं तर तेच माझ्याकडून शिकले," ती म्हणाली.

खरं बोलायचं, थोडक्यात बोलायचं, आणि मागच्या कारखान्याबद्दल वाईट बोलायचं नाही, हे तीन नियम तिने पाठ केले. संध्याकाळी भांडी घासताना ती ते पुटपुटत होती. की दुसरंच काही? मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती गप्प झाली.

शुक्रवार, ७ मार्च

आज नमान्वेच्या कॉफी कंपनीत होते. आमची प्रयोगशाळा त्यांचे वजनकाटे आणि दाण्यांतला ओलावा मोजायची यंत्रं तपासते. तीन महिन्यांतून एकदा माझी फेरी असते. सूचनाफलकावर जाहिरात होती: वरिष्ठ चवपारखी, दहा वर्षांचा अनुभव. वयाचा उल्लेख नाही. फोटो काढून घेतला.

तिथला गुणवत्ता विभाग मायांजाकडे आहे. मायांजाबद्दल इथे आजवर लिहिलं नव्हतं. वय एकतीस, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आमचं जमून चौदा महिने झाले. घरी कुणालाही माहीत नाही, कारण मला स्वतःला अजून पुरती खात्री नाही. तो फार हसतो. जो माणूस सगळ्यांशी इतकं हसून बोलतो त्याचं माझ्याशी हसणं वेगळं आहे हे कसं तपासायचं?

"मॅडम, तुमचं यंत्र एकदा माझ्यावर लावून बघा," तो सगळ्या कामगारांसमोर म्हणाला. "ओलावा किती निघतो?"

"तुम्ही वाळलेले नाही आहात. परत पाठवावं लागेल."

कामगार हसले. मी काट्याचा आकडा लिहिला.

जाहिरातीचं आईला सांगायचं, पण अर्ज कुणाचा आहे हे मायांजाला सांगायचं नाही, असं ठरवलं आहे. नावावरून कळणार नाही. आईचं नाव तिच्या वडिलांच्या कुळातलं, माझं माझ्या वडिलांच्या. तो आईला कधी भेटलेला नाही, आईने त्याचं नावही ऐकलेलं नाही. तो मुलाखत घेणाऱ्यांत असेल, पण ओळखीपाळखीचा प्रश्न येणार नाही. याहून निर्दोष व्यवस्था असू शकत नाही.

रविवार, ९ मार्च

यूनिया आत्या आज पुन्हा मुकोनोहून आली. लागोपाठ तिसरा रविवार. पूर्वी ती वर्षातून दोनदा यायची. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी एकदम पावसाबद्दल बोलू लागल्या. बाहेर ऊन होतं.

शिवाय परसात ॲव्होकॅडोच्या झाडाला एक कोंबडा बांधलेला आहे. मोठा, तांबडा, उगाच आरवणारा.

"हा कशाला?"

"असू दे. छान दिसतो," आई म्हणाली.

"कापायचा आहे?"

"आत्ता नाही," आत्या म्हणाली, आणि आईने तिच्याकडे असं बघितलं की आत्याने तोंडात शेंगदाणे भरले.

दुपारी शेजारच्या नामाले बाई येऊन बसल्या. त्यांचा जावई अचानक आला होता. सासूने जावयासमोर बसायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, एका ताटातलं खायचं नाही. म्हणून स्वतःच्याच घरातून उठून त्या तीन तास आमच्याकडे. "काही म्हणा, चांगला जावई आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या चपला मला फार आवडतात." चपलांखेरीज त्यांनी त्याचं फारसं काही पाहिलेलं नाही. आई आणि आत्या यावर गरजेपेक्षा जास्त हसल्या.

गुरुवार, १३ मार्च

नमान्वेहून आईला बोलावणं आलं. मंगळवारी, सकाळी दहाला. आई खूश आहे. आज पाच प्रकारे नमस्कार करून दाखवला, सगळे चांगले. हात आता बरोबर धरते. डोळ्यांत बघून बोलते. वयाच्या प्रश्नावर तिने स्वतःचं उत्तर तयार केलं आहे, मला सांगत नाही. "तिथेच ऐकवीन," म्हणाली. मला हे पसंत नाही.

मंगळवार, १८ मार्च

आई दोन वाजता परत आली. "झाली," म्हणाली. कपडे बदलले, कोंबड्याला दाणे घातले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दिवसा आई कधीही झोपत नाही.

संध्याकाळी मायांजाचा फोन. नेहमीसारखं हसत. "आज काय झालं ऐक. एक बाई आल्या होत्या, कागदावर सगळ्यांत वरच्या. बाई दारात येताच आमचे मोठे साहेब कातेन्डे उठून उभे राहिले, एचआरच्या अटिमनेही हात पुढे केला, बाईंनी छान हात मिळवला. मग माझ्याकडे वळल्या आणि थिजल्या. हात मागे घेतला. डोक्यावर कापड ओढलं. खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि सगळी उत्तरं भिंतीला दिली!"

मी विचारलं, पुढे काय.

"पुढे चव. टेबलावर आठ पेले. बाईंनी तीन चाखले, टिपणं लिहिली, अगदी काट्यावर मोजल्यासारखी. मग मी माझा चमचा घेऊन टेबलाशी गेलो, नेहमीचंच, दोघांनी त्याच पेल्यांतून चाखायचं. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, बरं वाटत नाही. आणि गेल्या. ही जुनी माणसं बघ, पोरांनी प्रश्न विचारलेले सहन होत नाहीत."

"तू त्यांना काय विचारलंस?"

"काहीच नाही! तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

मी फोन ठेवला. दोन शक्यता. एक, मायांजा काहीतरी गाळतो आहे. त्याने कुत्सित काही म्हटलं असेल, निदान तसं हसला असेल. दोन, आईची जीभ गेली आहे आणि ती चौथ्या पेल्यापाशी उघडं पडायला घाबरली. पण मग खुर्ची भिंतीकडे का? शिकवलेलं सगळं तिने बरोबर उलटं केलं, आणि तेही फक्त त्याच्या बाबतीत. हात नाही, डोळे नाहीत, समोर बसणं नाही.

गुरुवार, २० मार्च

जीभ तपासली. तिला न सांगता. तीन सारखे पेले, दोनांत साधं पाणी, एकात लिटरला एक ग्रॅम मीठ. "आई, जरा पाणी पिऊन बघ, टाकी धुतली आहे."

तिने तिन्ही पेले चाखले. "मधल्यात मीठ आहे. आणि तिन्हींना साबणाचा वास आहे. विसळताना घाई केलीस." मग माझ्याकडे बघत राहिली. "माझी परीक्षा घेते आहेस?"

"नाही."

"बरं."

मग हात. पेला काठोकाठ भरून तिला परसातून आणायला सांगितला. जमिनीवर एक थेंबही पडला नाही. म्हणजे जीभ ठीक, हात ठीक. उरला मायांजा.

त्याला आज स्पष्ट विचारलं, त्या बाईंशी तुझी आधीची काही ओळख होती का? कारखान्यात, बाजारात, कुठेही? तो म्हणाला, "तुला त्या बाईंचं एवढं काय?" मी म्हणाले, मोजमापाच्या पद्धतीत रस आहे. तो पहिल्यांदाच हसला नाही.

शनिवार, २२ मार्च

आई शिंप्याकडून नवी बुसूटी घेऊन आली. जांभळी, खांद्यांवर टोकं उभी, कमरेला रुंद पट्टा. असा पोशाख लग्नाकार्यात घालतात. आमच्याकडे कुणाचंही कार्य नाही.

एकत्र मांडून बघते. नवी बुसूटी. न कापला जाणारा कोंबडा. आत्याच्या रविवारच्या फेऱ्या आणि मी आले की थांबणारं बोलणं. नोकरी हातची जाऊनही उदास न होता आई पडदे धुते आहे. या सगळ्याला पुरेसं होईल असं एकच स्पष्टीकरण आहे: आईच्या आयुष्यात कुणी पुरुष आला आहे आणि तो घरी मागणी घालायला येणार आहे.

तिला तसा हक्क आहे. नऊ वर्षं झाली. पण मला सांगायला हवं होतं. एका घरात राहणाऱ्या माणसापासून इतकी मोठी गोष्ट महिनोन्महिने लपवून ठेवणं मला समजू शकत नाही.

मंगळवार, २५ मार्च

मायांजाने सांगितलं, जागा भरलीच नाही. बाकीचे दोघे चवीत नापास. कातेन्डे साहेबांनी त्या बाईंची तीन पेल्यांची टिपणं पाहिली आणि म्हणाले, भिंतीशी बोलू दे नाहीतर छपराशी, हिला परत बोलवा. बुधवार, दोन एप्रिल.

आईला फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. "नाही हो, मला जमणार नाही," ती म्हणाली. "आभारी आहे."

मी भांडले. आवाज चढवला नाही, पण भांडले. सहा महिने होत आले, ही शेवटची संधी आहे, तुझ्या वयाच्या बाईला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. यातलं शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

आई म्हणाली, "मला काम हवं आहे, पोरी. तुला वाटतं त्यापेक्षा जास्त हवं आहे. पण तिथे नाही."

"का?"

"तुझ्या आत्याला विचार." आणि मग लगेच, "नको, विचारू नकोस."

गुरुवार, २७ मार्च

अर्ध्या दिवसाची रजा काढून मुकोनोला गेले. आत्या अंगणात कसावा वाळत घालत होती. मी म्हणाले, आईचा जो कोणी आहे त्याचं नाव मला हवं आहे.

"कुणाचा कोण?"

बुसूटी, कोंबडा, पडदे, सगळं सांगितलं. आत्या खाली बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. ती हसत होती. डोळे पुसून पुन्हा हसली.

"अगं, तू इंजिनियर ना? कोंबडा तुझ्या नवऱ्यासाठी आहे!"

"मला नवरा नाही."

"लांब मानेचा. कॉफीत काम करतो. नाव मायांजा, कूळ माशाचं, आपलं माकडाचं, कुळं वेगळी म्हणजे लग्नाला अडचण नाही. आई मसाकाजवळ असते, बाप नाही, दारू पीत नाही, बीअर पितो. ऑगस्टात न्टिंडाच्या हॉटेलात तुम्ही दोघं मासे खात होतात आणि मी तुमच्या पाठीमागच्या टेबलावर. तासभर! तू एकदाही वळून बघितलं नाहीस. आणि स्वतःला हुशार समजतेस."

आत्याने तेव्हा फोटो काढला होता. आईला दाखवला होता. आईने तो मोठा करून पाहिला, म्हणाली, मान लांब आहे पण कपाळ चांगलं आहे. कॉफीत आहे एवढंच आत्याने सांगितलं, कुठल्या कंपनीत ते आत्यालाच माहीत नव्हतं. मग दोघी वाट बघत बसल्या. आमच्यात मुलीशी लग्नाचं आई बोलत नाही, आत्या बोलते. आणि आत्याही मुलीने विषय काढल्यावर बोलते. मी सात महिने विषय काढला नाही.

"आणि मग तू त्या बिचारीला घट्ट हात मिळवायला शिकवून थेट जावयापुढे नेऊन बसवलीस," आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती. "वर त्याच्या पेल्यात चमचा घालायचा! तुला माहीत आहे ना, सासूने हे मोडलं तर काय होतं ते? हात थरथरायला लागतात. जन्मभर. चव पारखणाऱ्या बाईचे हात."

हात थरथरतात याला पुरावा नाही. मी तसं म्हणाले.

"पुरावा तुझ्याकडे ठेव. हात तिचे आहेत. आणि त्या दिवशी तिला नोकरी सहज मिळाली असती, हे ती जाणून होती. तरी उठली. कुणासाठी उठली?"

परतीच्या टॅक्सी-व्हॅनमध्ये मी चौदा जणांच्या गाडीत सतरा माणसं मोजली. दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवार, ३० मार्च

व्यवस्था केली. मायांजाला सांगितलं, दोन एप्रिलला सकाळी गोदामातल्या मोठ्या काट्याची फेरतपासणी करावी लागेल, तू स्वतः हजर हवास, सह्या लागतील. त्या बाई नाही म्हणाल्या तरी साहेबांनी त्या दिवशीची मुलाखतीची वेळ राखून ठेवली आहे, तो म्हणाला. मी म्हणाले, आकडे थांबत नाहीत. शिवाय आमच्या प्रयोगशाळेतर्फे कळवलं की दोन पारख्यांनी एकाच पेल्यातून चाखणं ही सदोष पद्धत आहे. एकाचा चेहरा बघून दुसऱ्याचा आकडा हलतो. वेगळं टेबल, वेगळे पेले, मध्ये आडोसा. हे खोटं नाही, तसं कळवायची पाळी आत्ता आली इतकंच.

"तू काहीतरी लपवते आहेस," मायांजा म्हणाला.

"मी नेहमीच लपवते."

"हो, पण आज तुझे कान लाल आहेत."

त्याला आणखी काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो हसेल, आणि मग मला ते हसणं कसलं आहे हे ठरवावं लागेल.

आईशी सरळ बोलणं शक्यच नव्हतं. ती केळीची पानं पुसत होती, मी तिच्या शेजारी बसून तेच करू लागले.

"बुधवारी नमान्वेला गर्दी नसते," मी म्हणाले.

"हो का?"

"खोलीत दोनच माणसं असतात. कातेन्डे साहेब आणि अटिम म्हणून एक मुलगी. बाकी सगळे गोदामात अडकलेले असतात. बारापर्यंत."

आईने आणखी चार पानं पुसली. "बारापर्यंत नक्की?"

"मी स्वतः बघेन."

"मग फोन करून बघते," ती म्हणाली. "जागा अजून असली तर."

बुधवार, २ एप्रिल

सगळं क्रमाने लिहिते, कारण दुपारपासून माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

नऊ चाळीसला गोदाम. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं, एकूण पंचवीस. मी मुद्दाम सावकाश काम केलं. मायांजा तीनदा घड्याळाकडे बघून म्हणाला, काटा बरोबर आहे, मॅडम, तुम्हालाही माहीत आहे. मी म्हणाले, पुन्हा घेऊ. दहा वाजता खिडकीतून जांभळी बुसूटी कार्यालयाकडे जाताना दिसली. मी त्याला वजन उचलायला लावलं, म्हणजे तोंड दुसरीकडे राहील.

साडेअकराला अटिम धावत आली. ती उत्तरेकडची, गुलूची, आमच्या चालीरीतींशी तिचं देणंघेणं नाही. धापा टाकत होती आणि हातात कागद होता.

"सर, तुमच्या सासूबाईंना नोकरी लागली!"

मायांजाच्या हातात वीस किलो होते. त्याने ते काट्यावर ठेवले. काटा बरोबर होता.

अटिमने सांगितलं ते असं. आईने आठही पेले ओळखले. पाचव्यात बुरशीची चव आहे म्हणाली, आणि तो माल त्यांच्याच गोदामातून पास झालेला निघाला. मग अटिमने वयाचं विचारलं. आई म्हणाली, "साठीला सात वर्षं आहेत. या खुर्चीत आधी जे तीन तरुण होते ते मिळून किती वर्षं टिकले?" कातेन्डे साहेबांनी बोटं मोजली आणि म्हणाले, चार.

"मग मी शेवटचा प्रश्न विचारला," अटिम म्हणाली. "वयाने लहान साहेबाच्या हाताखाली चालेल का? तर म्हणाल्या, लहान असला तर चालेल, मी असे सहा जण शिकवून मोठे केले. पण जावई असला तर चालणार नाही. मागच्या वेळी मी त्यासाठीच उठले, आजारी नव्हते. खरं आणि थोडक्यात सांगायचं असं मला घरी शिकवलं आहे."

"कोण जावई?" मायांजाने विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"साहेबांनीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, अजून कुणी मागणी घातलेली नाही, म्हणून मी नाव घेणार नाही. पण त्या दिवशी तुमच्या डाव्या हाताला बसला होता तो. सर, साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला. म्हणाले, बाई, त्या दिवशी नोकरी सोडून जाणारी तुम्ही, तुमच्या चवीच्या कागदावर मी डोळे मिटून सही करीन. त्यांना वेगळी खोली, वेगळं टेबल, आणि अहवाल थेट साहेबांकडे. नमुने खिडकीतून. फक्त एवढं आहे की नातं लेखी कळवल्याशिवाय पत्र निघणार नाही. कंपनीचा नियम." तिने कागद पुढे केला. "इथे. नात्याचं स्वरूप."

मायांजाने कागद घेतला. माझ्याकडे बघितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ज्यावर मला संशय घेता आला नाही. तो घाबरलेला होता.

"त्या बाई तुझी आई?"

"हो."

"आणि तू मला एका शब्दाने..." तो थांबला. "मॅडम, काय लिहू? नातं नाही असं लिहिलं तरी त्यांना नोकरी मिळेल. मग त्या माझ्या हाताखाली, माझ्याच टेबलावर येतील. नातं आहे असं लिहिलं तर वेगळी खोली. तुम्हीच सांगा. मी काहीही लिहून तुम्हाला अडकवणार नाही."

अटिम आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. कार्यालयात आई पत्राची वाट बघत बसली होती. या प्रश्नाला तिसरं उत्तर नव्हतं, आणि मला विचार करायला वेळ हवा होता, आणि वेळ नव्हता.

"वेगळी खोली," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. अक्षर वाईट आलं. अटिम कागद घेऊन पळाली.

बाराला पाच कमी असताना आई गोदामाच्या दारातून आत आली. मी बारापर्यंतचा शब्द दिला होता, पण ती मला शोधत आली असावी. मायांजाने जांभळा रंग पाहिला आणि दुसऱ्या क्षणी तो कॉफीच्या पोत्यांच्या थप्पीमागे खाली बसलेला होता. गुणवत्ता विभागाचा प्रमुख. कामगारांनी कामं थांबवली.

आई दारातच थांबली. तिने तोंड बाहेरच्या आवाराकडे वळवलं, डोक्यावर कापड ओढलं आणि पाठमोरी उभी राहिली. हातात पत्र होतं. हात स्थिर होता.

"नाकायिझा," ती आवाराला उद्देशून म्हणाली, "पोत्यांमागे कुणी असेल तर माझा निरोप सांग. त्याच्या घरच्यांना आम्ही केव्हाही भेटू, आत्याला आधी कळवा."

"सांगते."

"आणि दुसरं. तो पाचव्या पेल्यातला माल त्याने पास केला होता. बुरशी पहिल्या घोटाला लागत नाही, पेला कोमट झाल्यावर लागते. सोमवारपासून थंड होऊ देत जा म्हणावं."

ती गेली. पोत्यांची थप्पी माझ्यापासून दोन मीटरवर होती. मी तिथे गेले, खाली वाकले आणि निरोप पोचवला, दोन्ही, त्याच क्रमाने.